रोज एकच आठवण

सायकली दुरुस्त करणारे बाबा गेले, तेव्हा मुलाने घरच्या घरी एक वेबसाइट उभी केली. बाबांची आठवण ज्याला लिहायची त्याने लिहावी, मागाहून नको वाटली तर लिहिताना मिळालेला क्रमांक टाकून पुसावी. बाबांची गिऱ्हाइकं गावभर. बघता बघता आठवणींचा ढीग जमला.

"बस, सगळ्या वाचून दाखवतो," मुलगा आईला म्हणाला.

"एकदम नको. रोज एकच, सकाळी चहाबरोबर. आणि तू पुढच्या चोरून वाचायच्या नाहीत, सांगून ठेवते!"

आई लाडवांचा डबाही अशीच पुरवून पुरवून खायची. मुलगा हसला, पण त्याने शब्द पाळला. त्या एका आठवणीवर आई अख्खा दिवस काढायची.

ऑफिसात हाच मुलगा नवख्यांना दटावायचा, "बाहेरच्या माणसाने वेबसाइटच्या चौकटीत भरलेलं काहीही डेटाबेसला द्यायच्या हुकुमात चिकटवू नका. हुकूम वेगळा द्या, मजकूर वेगळा. मग कुणी काहीही लिहो, तो नुसता मजकूरच राहतो." आणि घरी? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरचंच तर काम, नंतर बघू, म्हणून त्याने पुसायचा क्रमांक सरळ हुकुमाला जोडून टाकला होता. आठवणींची दुसरी प्रतही नंतरच काढायची होती.

एका सकाळी कुणा उपटसुंभाने पुसायच्या चौकटीत क्रमांकापुढे 'किंवा एक बरोबर एक' अशी अट लिहिली. ती हुकुमाचाच भाग झाली, आणि एक बरोबर एक कधी नसतं? डेटाबेसला ती अट प्रत्येक आठवणीला लागू पडलेली दिसली आणि त्याने सगळ्या पुसल्या. वाचलेल्या, न वाचलेल्या, सगळ्या.

दुरुस्तीला एक ओळ पुरली. हुकुमात क्रमांकाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह, खरा क्रमांक वेगळा पाठवायचा. आता दुसऱ्याचं काही पुसायची कुणाची टाप नव्हती, पण पुसायला उरलं काय होतं? तो टेबलावर डोकं टेकून रडला.

आई चहा घेऊन आली. चष्मा पुसत समोर बसली. "वाच."

त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "चूक माझी आहे, आई. मला येत होतं, तरी मी केलं नाही. बोल मला, वाटेल ते बोल."

आईने कप बाजूला सारला.

"तू तर तेव्हाच म्हणाला होतास, सगळ्या वाचून दाखवतो. मीच नको म्हटलं रे. मीच पुरवत बसले."

"आई, तसं नाही गं..."

ती ऐकतच नव्हती. मीच, मीच म्हणत चष्म्याच्या काड्या मिटत होती, उघडत होती. आपली चूक तिच्याकडून परत कशी घ्यावी, हे त्याला कळेना.