आईसाठीची गाडी

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा ती स्वतःला हवी आहे असं म्हणायला एकही जण तयार नव्हता. हे म्हणायचे, "मला काय, मी स्कूटरवरही जाईन. आईसाठी घ्यायची." धाकटे दीर म्हणायचे, "आईसाठीच तर चाललंय सगळं, वहिनी." सासूबाईंच्या गुडघ्यांवर बंदुका ठेवून दोघे भाऊ दोन महिने एकमेकांवर गोळ्या झाडत होते.

दोघांचं नळांचं आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी एक गाळा होता, आता तीन आहेत. तीन गाळ्यांच्या मालकांनी साध्या गाडीतून उतरणं बरं दिसत नाही, असं दोघांनाही एकाच सुमाराला वाटू लागलं. कंपनीवर चटकन एकमत झालं. बोनेटवरचं ते चिन्ह आरशात दिसलं की पुढचे लोक आपणहून बाजूला होतात म्हणे. घोडं अडलं ते त्यानंतर. ह्यांना सेडान हवी होती आणि भावजींना एसयूव्ही.

सेडान म्हणजे खानदानी, असं ह्यांचं मत. लांबलचक, बुटकी, रस्त्याला धरून चालणारी. मागे बसून पेपर वाचावा आणि डोळ्यांपुढची ओळ हलू नये. ड्रायव्हर आम्ही ठेवलेला नाही, तेव्हा हे मागे बसणार तर चालवणार कोण, हे विचारायची सोय नव्हती. भावजींच्या लेखी सेडान ही निवृत्त माणसांची गाडी. एसयूव्हीत माणूस उंच बसतो, चार गाड्यांपलीकडचं बघतो, आणि खड्डा आलाच तर सांभाळून राहायचं ते खड्ड्यानं. जेवताना ताटांच्या शेजारी दोन्ही गाड्यांची गुळगुळीत माहितीपत्रकं उघडलेली असायची. हे डिकी किती मोठी ते वाचून दाखवायचे, भावजी गाडी जमिनीपासून किती उंच ते. बाजारात तुरी, आणि घरात रोज मारामारी.

प्रत्येक मुद्दा शेवटी आईंवर येऊन थांबायचा. "एवढ्या उंच आई चढणार कशी?" हे विचारायचे. "एवढ्या खाली आई वाकणार कशी?" भावजी विचारायचे. आई समोरच बसलेल्या असायच्या. त्यांना कुणी काही विचारायचं नाही.

त्यांचं म्हणणं एवढंच, की कुठलीही घ्या पण लवकर घ्या. तीन तासांच्या वाटेवरच्या एका गावात त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, अंथरुणाला खिळली होती. बसची पायरी आईंना चढवत नाही. जुनी गाडी चांगलं गिऱ्हाईक आलं म्हणून आधीच विकून टाकलेली. "नवी आली की पहिली फेरी मावशीकडे," असं दोन्ही मुलांनी कबूल केलं होतं. त्या दोन महिन्यांत दोघांचं एकमत झालेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

रोज संध्याकाळी आई फोन लावायच्या. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवायच्या, त्यामुळे आम्हाला सगळं कळायचं.

"ताई, केसांचा पार गुंता झालाय गं. इथली बाई विंचरते, पण ओढते फार."

"मी येते ना. मी काढते गुंता. या आठवड्यात येतेय बघ गाडी."

दोघी बहिणींची आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीची वेणी सासूबाईंनीच घातलेली.

मी एकदा ह्यांना म्हटलं, "अहो, टॅक्सी करून मी नेऊन आणते त्यांना. सकाळी जाऊ, रात्रीपर्यंत परत." दुकानातले नळ मी रस्त्यावर फुकट वाटायला काढलेत असं ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चार दिवसांत एवढी गाडी दारात येणार, आणि आपण मावशीच्या दारात भाड्याच्या डबड्यातून उतरायचं? तिची सासरची माणसं काय म्हणतील?" भावजी म्हणाले, "दादाचं बरोबर आहे." दोघांचं एकमत झालेली ही आणखी एक गोष्ट.

मी तणतणत आईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "राहू दे गं. माझ्यापायी तुमच्या दोघांत वाकडं नको. येईलच आता गाडी." मला त्यांचाही राग आला. मुलांचाही आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

मग एका रविवारी सकाळी भावजी म्हणाले, "आई, आवर. आज तुला गाडीतून नेतो."

आई ठेवणीतले कपडे घालून बाहेर आल्या. हातात कापडी पिशवी होती. औषधं असतील असं मला वाटलं.

शोरूममध्ये चपला काढाव्यात की काय असा प्रश्न पडावा इतकी चकचकीत फरशी. दोन्ही गाड्या दिव्यांखाली शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिथल्या मुलीनं आईंना "आजी" म्हणून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग परीक्षा सुरू झाली. आधी सेडान. आई बसल्या त्या खाली खाली गेल्याच. मुलीनं कुठलंसं बटण दाबलं तशी सीट पाठ रगडायला लागली. आई दचकून म्हणाल्या, "आत कोण आहे?" उठायची वेळ आली तेव्हा दोन मुलगे दोन हातांना धरून ओढत होते.

"बघ, दादा," भावजी म्हणाले.

मग एसयूव्ही. आईंचा पाय तिच्या पायरीपर्यंत पोचेना. कुणीतरी आतल्या खोलीतून स्टूल आणलं.

"बघ," हे म्हणाले.

"गाडीबरोबर स्टूल देतात का?" मी विचारलं. ती मुलगी हसली. हे हसले नाहीत.

मुलीनं एसयूव्हीची फेरी मारायला दिली. भावजी चालवायला, ती त्यांच्या शेजारी, मागे हे, आई आणि मी. आई पिशवी मांडीवर घट्ट धरून बाहेर बघत होत्या. चेहरा इतका खुललेला मी फार दिवसांनी पाहिला. पूल उतरून पेट्रोल पंपापाशी भावजींनी गाडी वळवली तशी त्या म्हणाल्या, "अरे, इथून सरळ जायचं ना?"

"नाही आई, परत फिरायचं."

काचेच्या दारासमोर गाडी थांबली. सगळे उतरले, आई उतरेनात.

"उतर आई."

"कुठे आलो?"

"शोरूमला."

"मग तिकडे कधी जायचं?"

"तिकडे कुठे?"

आईंनी पिशवीकडे पाहिलं. मीही पाहिलं. वरच कंगवा होता, त्याखाली तेलाची बाटली आणि रात्री घालायचे कपडे. "मी सकाळीच तिला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "ती झोपली नसेल माझ्यासाठी."

"अगं, ही कंपनीची गाडी आहे. नुसती फिरवून बघायला दिलेली. पाच-सात किलोमीटर."

"मी नाही उतरत," आई म्हणाल्या.

ह्यांनी भावाकडे वळून बोट रोखलं. "बघितलंस? हिच्यातून तिला उतरताच येत नाही."

"येतंय की. उतरावंसं वाटत नाहीये. सीट आवडलीय तिला."

"गुडघा दुमडत नाही तिचा."

"सेडानमध्ये तरी कुठे दुमडत होता?"

उघड्या दाराच्या दोन बाजूंना उभे राहून ते दोघे भांडत होते आणि मध्ये त्यांची आई पिशवी धरून बसलेली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "त्यांना मावशीकडे जायचंय. आज. सामान भरून आल्यात त्या."

"जाऊच की," हे म्हणाले. "एकदा बुकिंग होऊ दे."

मागे दुसरं गिऱ्हाईक ताटकळत होतं. शेवटी आईंनीच पाय स्टुलावर ठेवला आणि माझ्या खांद्याला धरून त्या उतरल्या. घरी आल्यावर त्यांनी फोन लावला. "अगं, गाडी बिघडली वाटेत," त्या बहिणीला म्हणाल्या. "नवीन आहे ना, होतं असं." ज्यांनी नेलं नाही त्यांची अब्रू त्यांनी अशी राखली.

बुकिंग त्या दिवशी झालं नाहीच. पुढच्या आठवड्यात रंगावरूनही जुंपली. तेवढ्यात एका सकाळी मावशीच्या मुलाचा फोन आला. मावशी गेली होती.

टॅक्सी लगेच मिळाली. सासरची माणसं काय म्हणतील हे त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. जुनाट गाडी, एका दाराचा रंग वेगळा, सीटवर टॉवेल अंथरलेला. आईंनी दार उघडलं, बसल्या, एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात नाही, स्टूल नाही. मावशीच्या दारात उतरल्याही तशाच. ना फार उंच, ना फार बुटकी. दोन्ही मुलगे फोनवर होते. महिनाअखेर सवलत संपणार म्हणून शोरूममधून विचारणा होत होती.

आतल्या खोलीत मावशीला निजवलं होतं. आईंनी पिशवीतून कंगवा काढला. गुंता खरंच झाला होता. त्या उशाशी बसल्या आणि टोकाकडून थोडे थोडे केस सोडवू लागल्या. ओढ बसून दुखू नये म्हणून एका हातानं मुळाशी केस धरून ठेवत होत्या. खिडकीबाहेरून भावजींचा आणि मावशीच्या जावयाचा आवाज येत होता. जावयानं दोन वर्षांपूर्वी सेडान घेतली होती आणि तिचं पोट प्रत्येक गतिरोधकाला घासतं असं तो सांगत होता.

परतताना हे मागे वळून मऊ आवाजात म्हणाले, "आई, आता तूच सांग. तू म्हणशील ती घेऊ. सेडान की एसयूव्ही?"

"आता मला कुठे जायचंय?" आई म्हणाल्या.

ह्यांनी समोर तोंड फिरवलं. थोड्या वेळानं त्यांनी भावजींना सांगितलं, "तिचं काही म्हणणं नाही."

एसयूव्ही आली. रंग ह्यांच्या पसंतीचा. भावजींनी जादा पैसे भरून तिला एक पायरी बसवून घेतली. दार उघडलं की ती आपोआप बाहेर येते, मिटलं की आत जाते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून, मिटून, पुन्हा उघडून ते दाखवतात. "आईसाठी मुद्दाम बसवली," म्हणतात. आईंनी तिच्यावर अजून पाय ठेवलेला नाही.

परवा शेजारच्या गाळ्याचा मालक गाडी बघायला घरी आला होता. पायरी बघून तो दारापुढे उभ्या असलेल्या आईंना म्हणाला, "आजी, नशीब काढलंत. अशी मुलं मिळायला भाग्य लागतं."

"हो," आई म्हणाल्या आणि आत वळल्या. आमच्या घराच्या दारात तीन पायऱ्या आहेत. भिंतीला हात लावत, एकेका पायरीवर थांबत त्या वर चढल्या. तिथे भिंतीत धरायला एक स्टीलचा दांडा बसवायचा राहिलाय. आमच्या दुकानात तो मिळतो.