हौदातला अध्यक्ष

एलिकेमला निवडणूक लढवायची नव्हती आणि त्याने ती लढवलीही नव्हती. मामाचा कोट घालून दोन वाजता मुलाखतीला वेळेवर पोचायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कसाव्याच्या कंदातलं विष गावच्या बायांना घरच्या घरी कसं तपासता येईल, यावर तो तीन वर्षं राबला होता. परदेशी प्रयोगशाळेत पुढचं काम करू देणारी शिष्यवृत्ती एकच होती आणि तिचा निकाल आजच्या याच मुलाखतीत लागायचा होता.

वसतिगृहाच्या दारातच टेटे आडवा आला. टेटे म्हणजे त्याचा खोलीतला सोबती, अंगात राजकारण भिनलेला.

"अभिनंदन, अध्यक्षसाहेब."

"कसला अध्यक्ष?"

"वसतिगृहाचा. तुझ्या नावाने अर्ज मीच भरला. शनिवारी आठशे मीटरला सगळ्यांना धूळ चारलीस, मग तुझ्यासमोर उभं राहायची कुणाची छाती? बिनविरोध आलास."

"टेट्या, माझी मुलाखत आहे."

"ते नंतर बघू. आधी हौद."

निवडून आलेल्याला अंगणातल्या हौदात बुचकळायचं, ही तिथली रीत. पोरांनी त्याला उचललं, ढोल वाजला, गाणी सुरू झाली. एलिकेम "कोट, कोट" म्हणून ओरडत राहिला, पण ऐकतो कोण? या विद्यापीठात पाणी, वीज, निकाल सगळं उशिरा येतं. बुचकळायला मात्र मंडळी अगदी वेळेवर हजर असतात.

दोन वाजता तो निथळत समितीपुढे उभा राहिला. समितीचे प्रमुख प्राध्यापक अम्पोन्सा त्याच वसतिगृहाचे जुने विद्यार्थी. त्याला पाहून त्यांची कळी खुलली.

"हौद का? वा. आमच्या वेळी पाणी आणखी घाण असायचं. बस, बस."

मग आठशे मीटरच्या शर्यतीवर गप्पा झाल्या, मग विद्यार्थी संघटनेवर. एलिकेमने दोनदा कसाव्याचा विषय काढला, दोन्ही वेळा सरांनी तो हसून बाजूला सारला. टेबलाच्या टोकाला समितीतल्या डॉक्टर फुसेनी नावाच्या बाई त्याचा प्रबंध वाचत बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं की सरांना नेमकी एखादी शर्यत आठवायची.

शेवटी सर म्हणाले, "जानेवारीत आंतरविद्यापीठ स्पर्धा. तुला सप्टेंबरात पाठवलं तर आपल्याकडून पळणार कोण? त्यात आता तू अध्यक्ष. पुढच्या वर्षी बघू की."

एलिकेमचा संयम सुटला. "सर, पळणाऱ्याला वसतिगृहात खोली मिळते, म्हणून मी पळतो. अध्यक्ष तर मला न विचारताच केलंय. माझी धाकटी बहीण नीट न भिजवलेला कसावा खाऊन पायांनी अधू झाली. त्यावर एक तरी प्रश्न विचारा."

सर कौतुकाने इतरांकडे वळले. "पाहिलंत? भाषण कसं ठोकतो. असा पुढारी हातचा घालवायचा? जा बाळ, ये तू."

बाहेर पोरं टपूनच होती. त्यांनी त्याला पुन्हा उचललं.

"खाली ठेवा मला."

"अरे, मिरवणूक राहिलीय," टेटे म्हणाला.

"अध्यक्ष सांगतोय."

पोरांनी त्याला निमूट खाली ठेवलं. एलिकेम वळला, दार न वाजवता आत गेला आणि त्याच ओल्या खुर्चीवर बसला, या वेळी डॉक्टर फुसेनींकडे तोंड करून.

"मॅडम, तुम्ही विचारा. मी उठणार नाही."

बाईंनी सरांकडे पाहिलंही नाही.

"पान चाळीस," त्या म्हणाल्या. "इथलं मला अजिबात पटलेलं नाही. समजावून सांग."