चावी फिरव गो!

चौतीस वर्षं लोकांच्या गाड्या चालवून निवृत्त झालेल्या राजारामने घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंची दहा वर्षांची छोटी लाल गाडी विकत घेतली. दिंडोशीच्या बिल्डिंगमधले शेजारी म्हणाले, "काका, या वयात डोक्याला ताप कशाला?" त्याच्या बायकोच्या, रत्नप्रभाच्या मनात मात्र गुदगुल्या होत होत्या.

महिनाभर राजारामने गाडी स्वतःच्या हातांनी नीट केली. ऑइल बदललं, प्लग बदलले, झिजलेले ब्रेक पॅड काढून नवे घातले. रत्नप्रभा शेजारी स्टूल टाकून बसायची आणि मागेल तो पाना पुढे करायची. पंधरा दिवसांत दहाचा पाना कुठला न् बाराचा कुठला, हे तिला न बघता कळायला लागलं.

मग एका रविवारी सकाळी दोघं खारदांड्याला मासे आणायला निघाली. रत्नप्रभा अबोली साडी नेसून खाली आली, तर राजाराम सवयीने मागचं दार उघडून अदबीने उभा!

"अहो, मी काय तुमची मॅडम आसंय?" ती खळखळून हसली. "मी पुढे बसतलंय!"

राजाराम ओशाळला, मग तोही हसत सुटला.

हायवेला गाडी झकास पळाली. वारा तोंडावर घेत रत्नप्रभा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती, जणू हा रस्ता ती पहिल्यांदाच बघत होती. सांताक्रूझला आत वळल्यावर लांबलचक सिग्नल लागला, म्हणून राजारामने इंजिन बंद केलं. हिरवा दिवा लागला. त्याने चावी फिरवली. नुसतं टक्. पुन्हा टक्.

मागून हॉर्नचा भडिमार सुरू झाला. "ओ काका, भंगारात घाला ना!" एक रिक्षावाला ओरडला. राजारामचे कान लाल झाले. उतरून त्याने बॉनेट उघडलं.

"बॅटरीचं टर्मिनल ढिलं झालंय. पाना..."

त्याचं वाक्य संपायच्या आत रत्नप्रभा दहाचा पाना घेऊन शेजारी उभी होती. त्याने नट आवळला आणि ओरडला, "तिकडे बस! गिअर न्यूट्रलला आहे. चावी फिरव गो!"

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. स्टिअरिंग तापलेलं होतं. तिने चावी फिरवली आणि गाडी घुर्रर्र करून जिवंत झाली! तो थरथराट तिच्या तळपायापासून थेट डोक्यापर्यंत गेला.

"चालू झाली! माझ्या हातान चालू झाली!" ती खिडकीतून ओरडली. मघाचा रिक्षावालाही हसला.

पुढे दोघांनी ताजी सुरमई घेतली, पण रत्नप्रभाचं लक्ष माशांत नव्हतं. परतताना ती म्हणाली, "माका पण शिकवा."

"एकसष्टाव्या वर्षी?"

"तुम्ही शिकवा, वयाचा काय ता मी बघतंय."

दीड महिन्यात तिचं शिकाऊ लायसन्स आलं. मालाडच्या एका मोकळ्या मैदानात तिने गाडी चार वेळा बंद पाडली. पाचव्यांदा क्लच हळूच सोडला, तशी गाडी पुढे सरकली. शेजारी बसलेला राजाराम, चौतीस वर्षांचा मुरलेला ड्रायव्हर, दाराचं हँडल गच्च धरून म्हणाला, "सावकाश गो, सावकाश!"

"गप बसा ओ," रत्नप्रभा म्हणाली आणि तिने दुसरा गिअर टाकला.