नानांना वर कोण नेणार

त्या इमारतीत लिफ्टची दारं होती, लिफ्ट नव्हती. प्रत्येक मजल्यावर चकचकीत स्टीलचं सरकतं दार, शेजारी बटण, आणि बटणामागे कुठेच न गेलेली वायर. गेल्या निवडणुकीच्या तोंडावर दारं बसली, खासदार होऊ घातलेल्या माणसाने फीत कापली, फोटो निघाले. निवडणूक झाली आणि लिफ्ट जी यायची राहिली ती राहिलीच. ज्याला देशाचे कायदे करायला पाठवायचं त्याने आपल्याला लिफ्ट का द्यावी, असं काही कुणाच्या मनात आलं नाही. फुकट मिळतंय ना, मग घ्या! शेवटी कुणाचं पोर आत पडू नये म्हणून लोकांनीच दारांना साखळ्या घातल्या आणि हात झटकले.

आणि याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, राहत होते नाना. उभा जन्म त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीत घालवला. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावं अंग गेलं, आणि माणूस वरच अडकला. जीभ तेवढी शाबूत राहिली. कधीकधी त्यांच्या मुलीला वाटे, जीभ गेली असती आणि पाय राहिला असता तर बरं झालं असतं. वाटे, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटे.

मुलीला सगळी इमारत ताई म्हणायची. खिडकीपाशी मशीन मांडून ती लोकांच्या पॅंटी आखूड करायची, चेन बदलून द्यायची, आणि अधूनमधून उठून नानांची कूस बदलायची. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. "इस्पितळात व्यायामाची खोली आहे, धरून चालायचे दांडे आहेत, शिकवायला माणूस आहे. आठवड्यातून एकदा आणा. उभे राहतील. पण याच वर्षी. पुढे पायच विसरतात." आणायचं कसं? इस्पितळाची गाडी दारापर्यंत यायची. गाडीवाले म्हणायचे, "जिना आमच्यात येत नाही." शेजाऱ्यांनी आधी नेलं, नाही असं नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या जावईबापूंची कंबर धरली आणि तेव्हापासून ताईने दार वाजवलं की प्रत्येकाला घरात काहीतरी महत्त्वाचं काम निघायचं. त्यांना तरी काय बोलणार? तरणी मुलं सगळी बाहेरगावी, उरले ते स्वतःच कठड्याला धरून चढणारे.

अशात संसदेची निवडणूक आली. या मतदारसंघात काट्याची टक्कर होती. गेल्या खेपेला जिंकणारा इतक्या थोड्या मतांनी जिंकला होता की तेवढी माणसं या एका इमारतीत सहज निघाली असती. त्यामुळे जी इमारत पाच वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तिचे जिने एकदम गजबजले. सकाळी एक पक्ष, दुपारी दुसरा. जो तो आपला हात जोडून उभा.

सत्तेतल्या पक्षाचा या भागातला माणूस म्हणजे बिल्ला. छातीवर बिल्ला लावल्याशिवाय त्याला कुणी पाहिला नव्हता. चौथा मजला चढून तो धापा टाकत दारात आला आणि खाटेकडे बघून म्हणाला, "नाना, यंदा तुमचं मत पाहिजे बरं का!"

"वर पेटी घेऊन या. देतो," नाना म्हणाले.

"पेटी कशाला? तुम्हाला खाली नेतो की! चार पोरं आणतो, धट्टीकट्टी. खुर्चीत बसायचं राजासारखं."

ताईचे हात मशीनवरच थांबले. "आणि वर?" तिने विचारलं.

"वर पण आणतो. म्हणजे काय ताई!"

ताई उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आयुष्यात ती कुणाशी घासाघीस करणारी नव्हती, पण त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. "एकदाच नाही," ती म्हणाली. "दर बुधवारी. इस्पितळाची गाडी येते, तिच्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. वर्षभर. ते कबूल असेल तर नाना मत द्यायला येतील."

बिल्ल्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग छातीवर हात ठेवला. "दिला शब्द. पोरं रिकामीच असतात हो आमची. दर बुधवारी."

तो गेल्यावर नानांनी मान मुलीकडे वळवली. "पोरी, तू माझं मत विकलंस," ते म्हणाले, पण रागाने नाही.

"विकलं नाही. तुम्ही कुणालाही द्या. मी फक्त जिना मागितला."

"असं होय! मग ठीक आहे," नाना म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी तिच्याकडून दाढी करून घेतली, इस्त्रीचा सदरा काढायला लावला. ताईच्या मनात बुधवार घोळत होता. दांडे धरून उभे राहिलेले नाना तिला दिसायला लागले होते. आशा माणसाला कशी नाचवते बघा.

मतदानाच्या दिवशी दुपार कलली तेव्हा पोरं आली. हाताची लाकडी खुर्ची, दोघं पुढे, दोघं मागे, "सांभाळ रे, कोपरा, कोपरा!" असं ओरडत त्यांनी नानांना खाली आणलं. नानांनी उजव्या हाताने खुर्ची घट्ट धरली होती, पण चेहरा असा फुलला होता की ताईला रडूच आलं. रस्त्यावर आल्यावर कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर धावला. "अहो नाना! जिवंत आहात होय? मी तर तुम्हाला कधीच सोडून दिलं होतं!"

"तुझ्या हातून मरायचं राहिलंय अजून," नाना म्हणाले, आणि सगळी गल्ली हसली.

मतदान केंद्र समोरच्या शाळेत होतं. अपंगांना रांग नव्हती. बिल्ला नानांबरोबर आत जायला निघाला, मदतनीस म्हणून, तर नानांनी उजवा हात वर केला. "हा चालतो. तू बाहेर थांब." बोटाला शाई लावून ते बाहेर आले तेव्हा बोट असं उंच धरलं होतं की जणू काही बक्षीसच मिळालं. ताईचं नाव शेजारच्या खोलीत होतं आणि तिथे रांग फाटकापर्यंत. ती रांगेकडे वळली तशी पोरं कुरकुरली. "ताई, तुमचं नंतर करा ना, आम्हाला अजून दोन इमारती आहेत." खरंच की. नानांना घरी टाकू, मग निवांत येऊ, असं म्हणून ती खुर्चीमागे निघाली.

दुसऱ्या मजल्यापर्यंत पोरं दमली. लिफ्टच्या दारासमोर खुर्ची टेकवून त्यांनी दम खाल्ला. बिल्ल्याने खिशातून पाण्याची बाटली काढून नानांना दिली. काय अवदसा आठवली कोण जाणे, हसत हसत तो म्हणाला, "मग नाना, आपलंच ना?"

नाना पाणी प्यायले. त्यांनी समोरच्या दाराकडे, त्या साखळीकडे पाहिलं. "नाही रे बाबा," ते म्हणाले. "तुम्हाला नाही दिलं. दार बसवून लिफ्ट बसवली म्हणणाऱ्याला मी कसं देऊ? मी आयुष्यात न चालणारी लिफ्ट चालू म्हणून कधी लिहून दिली नाही."

'नाना, गप्प बसायचं होतंत हो,' ताई मनात किंचाळली. बिल्ला मोठ्याने हसला. "खरा माणूस! नाना म्हणजे नाना!" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बिल्ल्याचा फोन वाजला की त्यानेच काढून कानाला लावला, ते ताईला कळलं नाही. "हो, हो, निघालोच," तो म्हणाला. "ताई, पलीकडच्या चाळीत एक आजीबाई आहेत, त्यांना आणून टाकतो आणि आलोच. पाच मिनिटं." आणि चारही पोरं त्याच्यामागे धडधडत उतरून गेली.

पाच मिनिटं गेली, आणखी बरीच गेली. ताईने फोन लावला, उचलला नाही. परत लावला, कापला. ती प्रत्येक दार वाजवत हिंडली. निम्म्या घरांना कुलूप, माणसं रांगेत उभी. जावईबापूंनी दार किलकिलं करून नुसता पट्टा दाखवला, कमरेचा. एकटीने ओढून बघावं म्हणून तिने खुर्ची मागे कलंडवली, एक पायरी चढवली, दुसरीवर तिचा पाय सटकला आणि नाना असे ओरडले की तिने देवाचं नाव घेऊन खुर्ची पुन्हा खाली टेकवली.

मग विरोधी पक्षाच्या बाई जिना चढून आल्या. बरोबर तीन-चार तरुण. कुणी मत द्यायचं राहिलंय का बघायला आल्या होत्या. ताईने त्यांचा हातच धरला. "बाई, एवढं वडिलांना वर पोचवा हो. दोनच मजले."

बाईंनी नानांच्या बोटाची शाई पाहिली. "मत झालंय यांचं. खाली कुणी आणलं?"

ताईने सांगितलं.

"मग ज्यांनी खाली आणलं त्यांनीच वर न्यावं. हे बरंय, मत त्यांना आणि ओझं आम्हाला!"

"त्यांना नाही दिलं! नाना, सांगा ना. नाही दिलं म्हणूनच तर ते सोडून गेले."

बाई दमलेल्या होत्या, सकाळपासून उन्हात होत्या. त्यांना काही राक्षसीण म्हणता येणार नाही. "ताई, आज प्रत्येक जण मला हेच सांगतोय," त्या म्हणाल्या. "वेळ संपत आलीय. तुमचं झालंय का मत? नाही? मग चला, रांगेत सोडते."

"आणि नाना?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि पुढच्या मजल्यावर गेल्या. उतरताना त्या भिंतीच्या बाजूने उतरल्या, खुर्चीला पदर लागणार नाही अशा.

खिडकीतलं ऊन जिन्यावरून उतरून नाहीसं झालं. नानांना लघवीला लागली होती, आणि लेकीला सांगायला लाजत होते. शेवटी सांगितलं. ताई वरून भांडं घेऊन आली, चादरीचा आडोसा धरून उभी राहिली, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी मतदान करून वर येत होतं. त्या माणसाने तोंड फिरवलं. नानांनीही.

ताईचा धीर सुटला तो तिथे. ती नानांच्या पायाशी बसली. "नाना, तुम्ही त्याला फोन करा. म्हणा, गंमत केली होती. म्हणा, तुम्हालाच दिलं. तुमचा शब्द तो खरा मानेल."

"पोरी..."

"काय जातं तुमचं? एकदा खोटं बोललात तर जग बुडणार आहे का? बुधवार जाईल, नाना! तुमचे पाय जातील! तुमच्या खरेपणावर बसवून मी तुम्हाला चौथ्या मजल्यावर घेऊन जाऊ?" ती ओरडली, आणि ओरडलेलं सगळ्या जिन्यात घुमलं. मग नानांनी शाईचं बोट पुढे करून फोन मागितला.

या वेळी बिल्ल्याने उचलला. मागे ढोल, आरडाओरडा.

"मी नाना बोलतोय. अरे, मघाशी गंमत केली तुझी." नानांचा आवाज चिरकत होता. "तुम्हालाच दिलं. तुम्हाला सोडून कुणाला देणार?"

तिकडे बिल्ला हसला. चांगला, मोकळा हसला, त्यात डूख नव्हता. "अहो नाना, मतदान संपलं! आत्ताच दारं लावली. आता कुणाला दिलं याने काय फरक पडतो? आराम करा तुम्ही."

"मला वर..."

"पोरं जेवायला गेली हो. उद्या बघू."

"आणि बुधवार?" ताईने फोन हिसकावून विचारलं. "बुधवारचं काय?"

"ताई, आता निकालाची धामधूम. नंतर बोलू."

फोन बंद झाला. गरज सरो वैद्य मरो ही म्हण ताईला लहानपणापासून पाठ होती, पण तिचा अर्थ असा अंगावर कधी आला नव्हता. ती उठली नाही. समोर साखळी घातलेलं दार होतं, त्यावर गेल्या निवडणुकीचं हसरं पोस्टर अर्धं फाटून लोंबत होतं.

"तुझं मत राहिलं," नाना म्हणाले.

"राहिलं."

"आयुष्यात एकदा खोटं बोललो, पोरी," नाना म्हणाले. "आणि तेही उशिरा."

ताईने त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला आणि डॉक्टरांनी दाखवलं होतं तसा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. पाय गार होता. मग ती उशी आणि पांघरूण आणायला वर गेली.