लाल न दिसणारी काच

माझ्या नवऱ्याला, अंशुमनला, शंभर वर्षांपूर्वीसारखे कृष्णधवल फोटो काढायचं वेड. सेक्टर बावीसमधल्या भाड्याच्या खोलीत लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि समोर बसायला मी. त्या काचेला लाल रंग दिसत नाही, तो काळा उमटतो. म्हणून फोटोआधी तो माझ्या ओठांची लाली खसाखसा पुसायचा.

त्या शनिवारी खिडकीचा उजेड डाव्या गालावर, बाकी फ्रेम अंधारी. आठ सेकंद हलायचं नाही. मला शिंक आली. कॅमेऱ्यामागून येऊन त्यानं डाव्या गालावर सणसणीत ठेवून दिली.

"आता आला मूड," म्हणत त्यानं नवी काच लावली. मी पुतळ्यासारखी बसले. कला कसली, भीतीनं बसले.

माझा भाऊ संग्रामदादा इथेच हवाई दलात आहे. त्याला तीनदा सांगून झालं होतं. प्रत्येक वेळी माझा चेहरा न्याहाळून तो म्हणे, "इंदू, दिसत तर काहीच नाही गं. तापट आहे तो जरा."

रविवारी दादा फोटो बघायला येणार होता. सकाळी माझा गाल साफ होता. अंशुमननं कालच्या काचेवरून कागदावर छाप घेतला. तबकातल्या रसायनात माझा चेहरा वर आला. सुंदर होता, खोटं कशाला बोलू? मग गालावर चार काळी बोटं उमटली. एकावर तळहाताकडे फिरलेली चौकोनी अंगठी. ओठांची लाली पुसणारा स्वतःच्या हाताची लाली विसरला होता.

"काचेवर पेन्सिल फिरवून बोटं घालवतो. जुने कलावंत हेच करायचे," तो म्हणाला. मी कागद उचलला. त्यानं केस धरून माझं डोकं टेबलावर आपटलं. मी तबक त्याच्या तोंडावर फेकलं. त्यानं काच भिंतीवर फोडली. फोड म्हटलं, कागद माझ्याकडे आहे.

बेल वाजली. कपाळाचं रक्त पुसत मी दार उघडलं.

"कॅमेऱ्याच्या स्टँडला अडखळून पडली, दादा," अंशुमन डोळे चोळत म्हणाला.

मी ओला कागद दादाच्या हातात दिला. खिडकीपाशी नेऊन त्यानं तो बराच वेळ पाहिला. मग अंशुमनचा उजवा हात वर धरला. ती चौकोनी अंगठी साखरपुड्यासाठी दादानंच पसंत केली होती.

"पडली म्हणतोस?"

दादानं बोटं उलटी वाकवली. अंशुमन किंचाळत गुडघ्यांवर आला. कट्कन आवाज झाला.

मी 'सोड' म्हटलं नाही.