पायऱ्यांखालची घंटी

मित्रांनो, शिओनागी गावच्या सभागृहाला जाताना पायऱ्यांच्या तळाशी, डाव्या खांबावर एक पिवळे बटण दिसते. त्या बटणाची घंटी म्हणजे मी. माझे बटण खाली आहे आणि आवाज वर कार्यालयात. मध्ये एक लांब तार. त्यामुळे खाली कोण ताटकळत आहे आणि वर कोण चहा पीत आहे, हे दोन्ही मला एकाच वेळी कळते. हे काही सुख नाही.

ज्या कारखान्यात मी घडले, तिथे मला तपासणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "हिचा आवाज गोड आहे गं. ऐकून कुणी चिडायचं नाही." ते ऐकून मी हरखले होते. खोक्यात बसून मी या समुद्रकाठच्या गावी आले ती त्याच आनंदात.

मी का आले, तेही सांगते. गावात तोमिएआजी नावाच्या एक टोफूवाल्या आहेत. दुकानाच्या माळ्यावरून पडून त्यांचे पाय गेले, पण हातांतला जोर आणि जिभेची धार शाबूत राहिली. चाकांची खुर्ची त्या स्वतःच रेटतात. गावसभेने 'सर्वांचे गाव' असा मोठा संकल्प केला, तेव्हा गावप्रमुख कुरामोची त्यांच्या दुकानी जाऊन म्हणाले, "आजी, तुम्हाला काय हवं ते मोकळेपणानं सांगा."

"पायऱ्यांशेजारी उतार बांधा," आजी म्हणाल्या. "बाकी माझं मी बघते."

उतारासाठी जागा एकच होती. तिथे सभासदांच्या गाड्या उभ्या राहत. मग गाड्या कुठे लावायच्या, यावर बरीच चर्चा झाली. समुद्राच्या बाजूला लावल्या तर खाऱ्या वाऱ्याने गंजतील, असे कोणीतरी म्हणाले. शेवटी उताराऐवजी मी आले.

माझ्या उद्घाटनाला फीत होती, छायाचित्रकार होता. आजींनी बटण दाबले. मी वाजले. वरून चार पुरुष धावत आले आणि आजींना खुर्चीसकट उचलून नेऊ लागले.

"जपून रे," आजी म्हणाल्या. "लोणच्याचं पिंप नाही मी. पिंपाला निदान चक्कर येत नाही."

सगळे हसले. कुरामोचींचे डोळे मात्र खरोखर भरून आले होते. ते वाईट गृहस्थ नव्हते, मित्रांनो. माझ्या कहाणीत वाईट असे कोणीच नाही. म्हणूनच मला दाद कुठे मागावी ते कळत नाही.

पहिले काही महिने बरे गेले. दर गुरुवारी वर गाण्याचा वर्ग असे. आजी येत, मी वाजे, माणसे येत. मग चाराची तीन झाली. मग एकटा कारकून होरिए जिन्यात येऊन वरूनच म्हणू लागला, "आजी, आज उचलायला कुणी नाही हो. पुढच्या गुरुवारी बघू या का?"

"माझा आवाज तोवर बसला नाही, तर बघू," आजी म्हणत आणि खुर्ची वळवत.

शाळेतून घरी जाणारी मुले मला दाबून पळत. होरिए खाली येई, तर कोणी नसे. त्याने माझा आवाज कमी केला. मुलांनी आणखी दाबले. त्याने आणखी कमी केला.

आणि मग ती सभा आली. 'सर्वांचे गाव' या संकल्पाची वार्षिक सभा. व्यासपीठावर आजींसाठी खुर्ची राखून ठेवली होती, त्यांच्या नावाची पाटीही होती. कुरामोची बोलायला उभे राहिले आणि खाली आजींनी बटण दाबले. मी वाजले. पुन्हा वाजले. होरिए दबक्या पावलांनी आला, "ही कार्टी सभेच्या दिवशीही सोडत नाहीत" असे पुटपुटला आणि त्याने माझी तार उपटली.

माझा गळाच गेला. खाली बटणातला छोटा दिवा मात्र लागत होता, कारण त्याची जोडणी वेगळी होती. दिवा पाहून आजींना वाटत होते, वर ऐकू जाते आहे. त्या दाबत राहिल्या. वर भाषण चालू होते. मी दोन्हीकडे होते आणि कुठेच काही करू शकत नव्हते.

सभेच्या शेवटी रिकाम्या खुर्चीकडे पाहून कुरामोची म्हणाले, "आजींची तब्येत बरी नसेल. त्यांच्या आभाराचा ठराव आपण टाळ्यांनी मंजूर करू." टाळ्या झाल्या. आजी तोवर घरी गेल्या होत्या. तार पुन्हा जोडायचे होरिए विसरला. त्यानंतर आजी गाण्याला आल्या नाहीत, म्हणून ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

शरदात वादळ आले. सकाळपासून भोंगे ओरडत होते, सगळ्यांनी सभागृहात जमावे. आजींच्या शेजारी थुय राहत असे. ती व्हिएतनामहून मासळीच्या कारखान्यात कामाला आलेली बाई. भोंग्यातली भाषा तिला कळली नाही. आजींनी तिच्या भिंतीवर लाटणे आपटून तिला बाहेर काढले, आणि तिने आजींची खुर्ची वाऱ्यातून इथवर ढकलत आणली. दोघी पोहोचल्या तेव्हा गाव वर गेलेले होते आणि रस्त्यावर नदीचे पाणी आले होते.

थुयने मला दाबले. दिवा लागला.

"येतील," आजी म्हणाल्या.

कोणी आले नाही. तिने पुन्हा दाबले. मी त्या मुक्या तारेतून किती जीव ओतला ते कोणाला सांगू? वर लोक भातगोळे वाटून घेत होते. कार्यालयाच्या भिंतीवरच्या माझ्या आवाजाच्या डब्याला टेकून कोणीतरी ओला सदरा पिळत होते.

थुयने आजींना पाठीवर घेऊन पाहिले. दुसऱ्याच पायरीवर तिचा पाय घसरला आणि दोघी पाण्यात बसल्या. आजींनी खांब धरला.

"तू जा वर."

"नाही."

"अगं वेडे, बोलवायला जा. पळून जा म्हणत नाही मी."

थुय धावत वर गेली. दारातच होरिए म्हणाला, "ताई, आधी चपला काढा. नाव सांगा."

"आजी खाली!" ती म्हणाली. एवढेच शब्द तिला आठवत होते. "आजी खाली! आजी खाली!"

होरिएने माझ्या डब्याकडे पाहिले. त्यातून लोंबणारी उपटलेली तार पाहिली. तो अनवाणीच जिन्याकडे पळाला, त्याच्यामागे कुरामोची, आणि मग सारेच. आजी खांबाला मिठी मारून होत्या. पाणी छातीपर्यंत होते आणि खुर्ची वाहून गेली होती.

आजी वाचल्या. न्यूमोनिया झाला, हिवाळा दवाखान्यात गेला, आवाज कायमचा चिरका झाला. कुरामोची मोसंबी घेऊन भेटायला गेले आणि जमिनीपर्यंत वाकून म्हणाले, "आजी, आता नवी घंटी बसवतो. मोठ्या आवाजाची."

"आवाज कमी नव्हता हो," आजी म्हणाल्या. "गाड्या जास्त होत्या."

दुसऱ्या दिवशी कुरामोचींची गाडी समुद्राच्या बाजूला उभी होती. माझी तार जोडली गेली. उताराचा ठरावही झाला, जमिनीवर चुन्याच्या रेघा पडल्या. पण बाकीच्यांच्या गाड्या त्या रेघांवरच उभ्या आहेत. कोणाला आज घाई आहे, कोणाला उद्या.

आता आजी नव्या खुर्चीतून रोज सकाळी येतात. थुयला कामावर जाताना वाट वाकडी करावी लागते, पण ती सोबत येते. आजी मला दाबतात. मी वाजते. होरिए धापा टाकत माणसे घेऊन उतरतो.

"मला उचलायला नाही बोलावलं," आजी चिरक्या आवाजात म्हणतात. "गाडी हलवायला बोलावलंय. कुणाची आहे ही पांढरी?"

परवा होरिएने स्वतःची गाडी हलवली. ती पांढरी मात्र अजून तिथेच आहे, आणि वादळाचे दिवस पुन्हा जवळ येत आहेत.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एकच मागतात, आम्हाला जपा. माझे मागणे उलटे आहे. मला पुसू नका, मला रंगवू नका, माझ्या जागी माझी धाकटी बहीण आणू नका. गाड्या काढा, उतार बांधा आणि मला या खांबावरून उपटून टाका. मी भंगारात आनंदाने जाईन. फक्त लवकर करा.