पदराआडचा खांदा

इंदुबाईचा हात अडला खांद्यापाशी, पण भांडण पेटलं ते पदरावरून.

उसाच्या ट्रॉलीवरून पडून तिचा उजवा खांदा मोडला होता. हाड जुळलं, गळ्यातली झोळी सुटली, तरी हात छातीच्या वर जाईना. थोरले दीर हिंदुराव यांनी निकाल देऊन टाकला. वैरणीचा भारा उचलता येत नसेल, तर दिवाळीआधी तिची म्हैस बाजारात. नवरा गेल्यावर इंदुबाईनं ती रेडकू असल्यापासून वाढवलेली. म्हैस गेली की आपण दिराच्या ताटाखालचं मांजर, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मांजरी गावातून शहरात, शनिवार पेठेतल्या दवाखान्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. म्हणून तिथली फिजिओथेरपिस्ट आम्रपाली रोज जाऊबाईंच्या, ललिताच्या फोनवर व्हिडिओतून यायची. रेंज आणि उजेड दोन्ही पडवीतच, आणि पडवीतच हिंदुरावांची बाज. त्यांच्यापुढं इंदुबाईचा पदर डोक्यावरून थेट उजव्या खांद्यावर. ती त्यांच्याशी कधी समोरासमोर बोललेली नव्हती. तिला काही सांगायचं तर ते भिंतीला सांगायचे.

"मावशी, हात वर घ्या," आम्रपाली म्हणाली. हात चांगला वर गेला. "वा. पण हे खरंच खांद्यातून होतंय का? मला काही दिसत नाही. पदर जरा बाजूला करा."

बाज करकरली.

"घरातल्या बायांना म्हणावं," हिंदुराव भिंतीला म्हणाले, "फोनवर कुठं खांदा बरा होतोय व्हय? अन् वर पदर काढा म्हनं. बंद करा त्ये."

"काका, माझाही आधी विश्वास नव्हता," फोनमधून आवाज आला. "हात लावल्याशिवाय खांदा कळत नाही, असंच आम्हाला शिकवलंय. आमचे मोठे सर अजून तेच म्हणतात. इथं माझे हात पोचत नाहीत, नुसते डोळे आहेत. ते तरी झाकू नका."

इंदुबाईला लाज तर वाटलीच, पण लाजेच्या मागून रागही आला. म्हैस आपली, खांदा आपला, आणि राखायचा कुणाचा मान?

"काढ गं," फोन धरलेली ललिता हळूच म्हणाली. "म्या हाय."

इंदुबाईनं डाव्या हातानं पदर मागं टाकला. हिंदुराव बाज सोडून तरातरा बाहेर गेले.

आता सोंग उघडं पडलं. हात उठतच नव्हता, इंदुबाई कमरेतून कलून त्याला वर नेत होती.

"थोडाच वर घ्या," आम्रपाली म्हणाली, "पण खरा घ्या."

मग रोज तेच. कळ डोळ्यांतून पाणी काढायची. इंदुबाई फोनवरच्या पोरीला पोटभर शिव्या द्यायची आणि फोन बंद झाला की पुन्हा भिंतीपाशी उभी राहायची. हिंदुराव ज्या भिंतीशी बोलायचे, तिच्यावरच तिची बोटं हळूहळू वर सरकू लागली.

दिवाळीच्या तोंडावर म्हशीला गिऱ्हाईक आलं. हिंदुराव त्याला गोठा दाखवत होते, तेवढ्यात इंदुबाई शेतातून आली. डोक्यावर वैरणीचा भारा, आणि तो धरलेला उजव्या हातानं. भारा तिनं एकटीनंच उचलला होता.

हिंदुराव गोठ्याच्या भिंतीकडं वळले. "परक्या मानसापुढं पदर तरी नीट घ्यावा म्हणावं."

इंदुबाईनं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा दिला.

"पदर डोक्यावरच हाय, भावजी. चुंबळ करून भाऱ्याखाली घातलाय. आता सरका, माझ्या म्हशीला वैरण टाकायचीय."

आधी गिऱ्हाईक बाजूला झालं. मग हिंदुराव.